बॉनेटखालची कणीक

ही गोष्ट मी आजवर निदान चाळीस वेळा सांगितली असेल. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, पुण्याला भाच्याच्या मुंजीत, एकदा तर डब्लिन विमानतळावर तपासणीच्या रांगेत एका अनोळखी बाईंना. आणि तरीही ती मी कुणालाच सांगितलेली नाही. मेधालासुद्धा नाही. मेधा माझी बायको. तिला माझं सगळं कळतं असा तिचा समज आहे, आणि तो मी चोवीस वर्षं मोडलेला नाही.

म्हणजे असं बघा — सांगतो ती गोष्ट वेगळी. ती फार गंमतशीर आहे. आधी तीच ऐका, म्हणजे मी काय चीज आहे ते कळेल.

त्या गोष्टीत एक आयरिश म्हातारा असतो, पॉरिक. डब्लिनजवळच्या लिक्सलिपमधला आमचा शेजारी, आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केलेला. त्याच्या शेडमध्ये एक जुनी अमेरिकन गाडी असते. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री सोफ्याखाली जातात. बॉनेट लावल्यावर त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये किती जागा राहते ते मोजायचं असतं. त्यासाठी इंजिनावर मातीचे गोळे ठेवतात, बॉनेट बंद करतात, उघडतात आणि दबलेल्या गोळ्याची जाडी बघतात. माती नसते, म्हणून मी घरून कणीक नेतो. पॉरिक मोजतो. कणीक फसवते — कारण मेधा तेल सढळ हातानं घालते, ती दबते आणि पुन्हा फुगते! — आणि गणपतीच्या दिवशी, मूर्ती माझ्या मांडीवर असताना, गाडी झेंडूच्या माळांसकट झुडपात. इथे मी दोन्ही हात वर करतो, डोळे मोठे करतो आणि बाप्पाच्या आवाजात म्हणतो, "अरे, माझा उंदीर काय वाईट होता?" लोक खुर्चीवरून पडायचे तेवढे बाकी राहतात.

हसलात? हसा. मीही हसतो. फक्त त्यात एक वाक्य खोटं आहे. "पॉरिक मोजतो." — नाही, दोन. "कणीक फसवते" हेही.

इथे थांबावं असं वाटतंय. पण मग इतकं तरी कशाला लिहिलं?

पॉरिक तेव्हा एकाहत्तरचा होता. मूळचा गॉलवेकडच्या ट्यूम गावचा. माझं नाव श्याम, तो म्हणायचा "शॅम". इंग्रजीत शॅम म्हणजे ढोंगी, बनावट — हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. पण त्याच्या गावात शॅम म्हणजे आपला माणूस, दोस्त. पहिल्याच भेटीत कुंपणावरून म्हणाला होता, "अख्ख्या आयर्लंडमध्ये हे नाव शोभेल असं एकच गाव आहे, आणि तू भलतीकडेच राहायला आलास." झालं, तेव्हापासून माझे सगळे शनिवार त्याच्या शेडमध्ये. मी पाने द्यायचो, दिवा धरायचो, मुख्य म्हणजे बडबड करायचो. तो काम करायचा.

आणि मी पोटासाठी काय करतो? मोजतो. चिपच्या कारखान्यात आहे मी. केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातला एखादा इकडचा तिकडे झाला तरी आम्ही मशीन थांबवतो. त्यामुळे मला मोजता येत नव्हतं, चुकून झालं, ही पळवाट माझ्याकडे नाही.

तर, बॉनेट. पॉरिकनं इंजिनाची ताकद वाढवायला नवे सुटे भाग बसवले होते, आणि त्या सगळ्यावर हवेच्या फिल्टरचा गोल डबा, डोशाच्या तव्याएवढा. सगळं मिळून इंजिन दोनेक इंच उंच झालं. गाडीचं मूळ बॉनेट सपाट, पोलादी. ते त्यानं स्वतः घासून, कितीतरी हात देऊन गडद निळं केलेलं. दुसरं मिळत होतं ते फायबरचं, मधोमध उंचवटा असलेलं. ते अमेरिकेतून मागवायचं आणि दहा आठवडे वाट बघायची. पॉरिकला दोन्ही चालणार होती. त्याचा नियम एकच होता, एक इंच. "इंजिन रबरावर बसलेलं असतं, शॅम. ॲक्सिलरेटरवर पाय दाबलास की ते एका कुशीवर उचललं जातं. इंचभर जागा असली तर सपाट. नसली तर उंचवट्याचं. यात आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही."

माझा येत होता. मी मंडळात जाहीर करून बसलो होतो की यंदा बाप्पा हॉलवर अमेरिकन गाडीतून येणार. सपाट निळ्या बॉनेटवर झेंडूचा ओम — चित्र काढून ग्रुपवर टाकलं होतं. गणपतीला पाच आठवडे उरले होते. आणि आमचे अध्यक्ष जोगळेकर, हाडांचे डॉक्टर, प्रत्येक मीटिंगला विचारायचे, "काय श्यामराव, बाप्पा गाडीतून येणार, का बाप्पालाच गाडी ढकलावी लागणार?" सगळे हसायचे. मला लोकांना हसवायला आवडतं. माझ्यावर हसलेलं मला चालत नाही.

एवढंच कारण. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं आहे. सापडलं नाही.

त्या शनिवारी पॉरिकच्या नातींची खेळायची माती वाळून दगड झालेली निघाली. मी घरी पळालो. मेधानं पोळ्यांची कणीक मळून ठेवली होती, त्यातला गोळा वाटीत घेतला. "आता इंजिनालाही पोळ्या?" ती म्हणाली. "तूप लावून वाढ मग." इथवर चाळीस वेळा सांगितलेली गोष्ट खरी आहे.

पॉरिकनं कणीक हुंगली, हसला, तेलाचं बोट लावून चार गोळे त्या डब्यावर चार बाजूंना नीट ठेवले. तेवढ्यात नोरीननं, त्याच्या बायकोनं, घरातून हाक मारली. ऑस्ट्रेलियातून मुलीचा फोन होता. "तू बंद कर. हळू. मी आलोच," म्हणाला आणि गेला.

मी बॉनेट खाली आणलं. तळहातांनी दाबलं. खट् वाजलं. उघडलं.

तीन गोळे छान होते. चौथा — मागचा, जिथे बॉनेटच्या पोटात आडवी पट्टी असते — चपटा झाला होता. मी मोजपट्टी लावली. पाच मिलिमीटर. सवय वाईट, पुन्हा लावली. पाच. थांबून पाहिलं, फुगतोय का. नाही फुगला. कणकेनं, तेलासकट, खरं तेच सांगितलं होतं.

मग मी तो उचलला. तळहातावर फिरवून गोल केला. वरून अंगठ्यानं जरासा दाबला आणि जागेवर ठेवून दिला. किती वेळ लागला असेल? चार सेकंद? आपण काय करतोय हे मला कळत होतं का — असं मी स्वतःला बरेचदा विचारतो, जणू उत्तर बदलेल. कळत होतं. मी घराच्या दिशेनं पाहिलंसुद्धा होतं, तो येतोय का म्हणून.

पॉरिक चहाचे दोन मग घेऊन आला. "काय म्हणतंय?"

"ग्रँड," मी म्हणालो. इथे ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नाही. ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालेल, पुढे चल.

"किती?"

"इंच आणि वर एक अष्टमांश."

त्यानं चहाचे मग खाली ठेवले, कानामागची पेन्सिल काढली आणि त्याच्या वहीत आकडा लिहिला. पट्टी हातात घेतली नाही. "तू दिवसभर केस चिरतोस," म्हणाला, "तुझं माप मी काय तपासू?" आणि मला बिस्किट दिलं. मी ते खाल्लं.

गणपतीच्या सकाळी नोरीननं स्वतः माळा बांधल्या. पॉरिकनं टाय लावला होता. मूर्ती माझ्या मांडीवर, आम्हा दोघांना मिळून एक पट्टा. हॉलच्या अलीकडे शेवटचं वळण घेतलं आणि समोर आमची माणसं दिसली, फोन वर धरून, पोरं पुढे. तेव्हा मी — हेही त्या चाळीस वेळांत कधी आलेलं नाही — मी म्हणालो, "आता आवाज ऐकू दे त्यांना, पॉरिक!"

त्यानं पाय दाबला. इंजिन कुशीवर उचललं गेलं. डबा बॉनेटच्या पोटावर आपटला, तिरका झाला आणि खाली थ्रॉटलच्या, म्हणजे वेग देणाऱ्या, सळईवर अडकून बसला. पॉरिकनं पाय काढला, पण गाडीनं वेग सोडला नाही. समोर पोरं. त्यानं किल्ली फिरवली, ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला आणि जड झालेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढून गाडी उजवीकडच्या झुडपात घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्या तीन सेकंदांत त्यानं जे केलं ते पंचविशीतल्या माणसाला जमलं नसतं. हे मी त्याला सांगायला हवं होतं. हे तरी.

दोन दिवसांनी त्यानं मला शेडमध्ये बोलावलं. निळ्या बॉनेटला मधोमध आतून टेंगूळ आलं होतं, रंग फुटला होता. त्याच्या हातात वही होती.

पॉरिकचा थोरला भाऊ शेवटची सहा वर्षं स्वतःत नव्हता. चमचा कशाला असतो हे त्याला आठवत नसे. पॉरिक हे हसत सांगायचा, पण किल्ल्या सापडल्या नाहीत की त्याचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलेलं होतं. त्याला एकाच गोष्टीची भीती वाटायची, आणि मला ती माहीत होती.

"अक्षर माझं आहे," तो वहीकडे बघत म्हणाला. "पण मला मोजल्याचं आठवत नाही. फोन आठवतो. चहा आठवतो. मीच मोजलं ना, शॅम?"

बघा, तो मला दोष देत नव्हता. खरंच विचारत होता. आणि मी काय काय म्हणू शकलो असतो! नाही, मी मोजलं. मला नीट आठवत नाही. दोघांनी मिळून. यातलं काहीही चाललं असतं.

"हो," मी म्हणालो. "तूच मोजलंस."

आणि वर दयाळूपणा केला. "कणीक फुगली असेल रे."

"कणकेला नको बोलूस," तो म्हणाला आणि वही मिटली.

तो तपासण्या करून आला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. त्यानं त्यातलं "वयाच्या मानानं" एवढंच ऐकलं. कुणी सांगायच्या आत गाडी चालवणं सोडलं. ती अमेरिकन गाडी केरीकडचा एक माणूस घेऊन गेला. शेडला कुलूप लागलं. मी अधूनमधून म्हणायचो, चल, काहीतरी उघडून बसू. तो म्हणायचा, "तुझं बोट तुटेल एखादं माझ्यामुळे."

आणि मग दिवाळी आली. जोगळेकरांनी मला स्टेजवर ओढलं, "श्यामराव, ती कणकेची होऊन जाऊ दे!" पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून पॉरिक आणि नोरीन. त्यांच्यासाठी म्हणून मी ती इंग्रजीत सांगितली. रंगात आलो होतो. "पॉरिक मोजतो" तिथे त्याची नक्कल केली — नाकावर घसरलेला चष्मा, कानामागची पेन्सिल, पट्टी धरलेला थरथरता हात. पॉरिकचा हात थरथरत नाही. तो मी हशासाठी घातला. हॉल कोसळला. सगळ्यांत जास्त पॉरिक हसला, डोळे पुसत. नोरीन हसली नाही. तिनं त्याचा हात तिच्या हातात घेतला आणि त्याकडे बघत राहिली, थरथरतोय का ते.

तिथेही मी थांबलो नाही. उंदराचं वाक्य घेतलं आणि टाळ्या घेतल्या.

याला आता चार वर्षं झाली. मी हे मराठीत लिहितो आहे, कारण पॉरिकला मराठी वाचता येत नाही. हे लिहायला मला जे धाडस लागेल असं वाटत होतं, ते एवढंच आहे. मेधा वाचेल. वाचू दे.

दर गुरुवारी मी त्याला शेजारच्या मेनूथ गावी पत्ते खेळायला सोडतो. नोरीन त्या दिवशी तिच्या बहिणीकडे असते. तो गाडीत बसतो, पट्टा लावतो आणि मग त्याचा हात दारावरच राहतो. "गॅस बंद केला का मी?" मी म्हणतो, केला असशील. तो किल्ली पुढे करतो. मी कुलूप काढून आत जातो. शेगडीची चारही बटणं बंद असतात. दर गुरुवारी बंद असतात. बाहेर येऊन सांगतो, "बंद आहे, पॉरिक."

"आज बंद होता," तो म्हणतो.

मी गाडी सुरू करतो.