देवीच्या लुगड्याचा बावटा

बाळांनो, तुमच्या शहरातल्या मोर्चाचा व्हिडिओ पाठवून तुम्ही विचारलंत, ‘आजी, ही माणसं तर रांगेत, शिस्तीत चाललीयत. मग बाबा एवढा का घाबरला?’ तो का घाबरला ते मला माहीत आहे. शाळेत असताना त्याने माझी रक्ताने भरलेली साडी पाहिली होती. हे मी इंग्रजीत लिहू शकले असते, पण त्या दिवशी जे बोललं गेलं, ते मराठीत होतं.

आम्ही बोईसरला आलो तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. पक्षाची शाखा नंतर आली. शाखेची रक्तदान शिबिरं होत, गल्लीत कुणी आजारी पडलं की शाखेची गाडी येई. स्थानिक मुलांना नोकरी द्या म्हणून शाखाप्रमुख कंपन्यांच्या गेटवर बसे. आम्हाला तो उपयोगी माणूस वाटे. मग नाक्यावरच्या फळ्यावर देशाच्या शत्रूंबद्दल मजकूर येऊ लागला. आधी शत्रू म्हणजे हिंदी बोलणारे कामगार. त्यातल्या एकाला भर बाजारात पट्ट्याने फोडून काढलं, आणि लोक दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. नव्वदीच्या सुरुवातीला शत्रू बदलले. त्या हिवाळ्यात मुसलमानांची दुकानं जळली आणि मी शिकवायचे ती शाळा बंद राहिली.

आमच्या दारावर मासे घेऊन येणारी मावशी तारापूरजवळच्या मच्छीमार गावातली. ती बरेच दिवस आली नाही, म्हणून एका दुपारी मीच सुके बोंबील आणायला तिच्याकडे गेले. होड्या परतायची वेळ होती. बायका पाट्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या होत्या. तिथे प्रत्येक घराच्या होडीवरचा बावटा वेगळ्या रंगाचा असे. लांबून रंग ओळखून बाई पाण्याकडे निघे. मावशीच्या घरचा हिरवा. नारळी पौर्णिमेला देवीला नेसवलेलं हिरवं लुगडं फाडून दर वर्षी नवा बावटा शिवायचा, ही त्यांची रीत.

होडी वाळूला लागली तेव्हाच बोईसरकडून एक टेम्पो येऊन थांबला. सळया घेतलेली पोरं उतरली. मावशीचा नवरा तांडेल, होडीचा प्रमुख. त्याला वाटलं वर्गणीवाले आले.

तो हसत म्हणाला, “देतो रे पोरांनो, आदी मासली तं उतरू द्या.”

“कुठल्या देशाचा झेंडा लावलायस रे?”

“देवीचा हाय.”

“देवीचा म्हणे! ह्याची देवी कुठली, कराचीची?”

सगळे हसले. पहिली सळई त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली पडला तेव्हा एकाने त्याच्या तोंडावर बूट मारला. “बोल, भारतमाता की जय!” तो बोलायचा प्रयत्न करत होता, पण तोंडातून दात आणि रक्त येत होतं. बोलत नाही म्हणून आणखी मारलं. दुसऱ्यांनी जाळ्यांवर डिझेल ओतून काडी लावली. मी ओरडत होते. मला कुणीतरी ढकलून दिलं. मावशी नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. तिला केसांना धरून ओढलं, तेव्हा तिचं कपाळावरचं कुंकू आणि मंगळसूत्र दिसलं.

“अरे थांबा! हे तर आपलेच निघाले.”

मग तीच पोरं आगीवर वाळू टाकू लागली. एकाने वाकून मावशीच्या पायांना हात लावला. टेम्पो निघून गेला. तांडेलाचं डोकं मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले आणि आम्ही त्याला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी शाखाप्रमुख मोसंबी घेऊन तिथे आला.

“मावशी, पोरांची चूक झाली. नवी जाळी देतो, इंजिन देतो. फक्त बावटा भगवा करा, म्हणजे पुन्हा गैरसमज नको.”

मावशीने विचारलं, “आनि आमी तुमचे नसतो, तं?”

“मग विषय वेगळा होता.”

“तुजी मोसंबी उचल. माजा घो तुज्या इंजिनावर बसाचा नाय.”

तो हसला. माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, तुम्ही शिकलेल्या. समजवा हिला.” मी मोसंबीची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

पुढच्या नारळी पौर्णिमेला बाकीच्या होड्यांवर भगवे बावटे चढले. काहींनी भीतीने लावले, काहींनी आनंदाने. होड्या अगदी जवळ येईपर्यंत कुणाची कुठली ते बायकांना कळेना. पोलिसांनी कुणालाही पकडलं नाही. शाखाप्रमुख निवडून आला, आणि त्या गावानेही त्याला भरभरून मतं दिली. तांडेलाचा उजवा हात पुन्हा कधी जाळं ओढू शकला नाही. त्याच्या मुलाने होडी चालवायला घेतली आणि आईने शिवलेला हिरवा बावटा लावला. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तो कापून नेला. तिने दुसरा शिवला. तोही गेला, तेव्हा तिसरा.

मावशी आता नाही, तिचा नवराही नाही. भगवे बावटे अजून आहेत. मुलाची होडी आहे, आणि तिच्यावर देवीच्या लुगड्याचा बावटा आहे.