दोरीवरचं हवामान

पक्षाघातानंतर बाबांची रामरक्षा शाबूत राहिली आणि 'पाणी' हा शब्द गेला. संध्याकाळी मी सुरू केली की ते अडखळत का होईना, शेवटपर्यंत माझ्याबरोबर यायचे. ती संपली की सामसूम. तहान लागली तर डाव्या हातानं खुर्चीवर टकटक करायचे आणि मी विचारत सुटायचे, पंखा? चादर? पाणी? वाचोपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं आणि माणसाचं स्वतःचं बोलणं वेगळ्या, तेव्हा पाठांतरावर खूश होऊ नका. मी कुठली खूश होतेय!

कोलकात्यातल्याच बेहालाचा माझा संसार नवऱ्याच्या गळ्यात घालून मी बालीगंजला बाबांच्या फ्लॅटमध्ये मुक्काम ठोकला होता. पुण्याहून भावाचा फोन यायचा. मी बाबांना भरवत असल्यामुळे फोन स्पीकरवर असायचा. "अगं, त्यांना आता काय कळतंय?" तो एकदा म्हणाला. "इकडे एक चांगलं केंद्र आहे, नर्स असतात. दिवाळीत येतो आणि घेऊन जातो. त्यांना तिथे काय नि इथे काय, सारखंच." बाबा भिंतीकडे बघत भात चावत होते. माझं डोकं सणकलं. भाऊ वाईट नाही, पण लांबून सगळं सोपं दिसतं. "ये दिवाळीत," मी म्हटलं, आणि तोवर या माणसाला बोलतं करायचंच असं ठरवून टाकलं.

आधी चित्रांची कार्डं दाखवून पाहिली. उभा जन्म कोलकात्याच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसासमोर आंब्याचं चित्र धरून "हे काय?" विचारायचं! बाबा मान फिरवायचे, आणि मलाही ओशाळल्यासारखं व्हायचं.

शाळेत ते इंग्रजीतून शिकवायचे, बंगालीतून रागवायचे आणि घरी मला मराठीतून दोन्ही करायचे. त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. हवामान म्हणजे दोरीवरचे कपडे, असं ते म्हणत. समशीतोष्ण पट्ट्यातली सौम्य, ओलसर हवामानं त्यांनी मला आमच्या बाल्कनीतल्या दोरीवर शिकवली. रोमची बाई उन्हाळ्यात धुणं टाकते आणि निश्चिंत झोपते, कारण तिथला पाऊस हिवाळ्यात येतो. लंडनची बाई बारा महिने दोरीवर डोळा ठेवून असते. तिथे ना कडक ऊन ना कडक थंडी, समुद्रावरून येणारं वारं आणि कधीही भुरभुर. शांघायची बाई आपल्यासारखीच. उन्हाळ्यात घामट हवा, धो धो पाऊस आणि कपड्यांना कुबट वास. फक्त तिला हिवाळा खरा मिळतो, आपल्याला नुसती माकडटोपी मिळते.

आणि चुकीचं विधान त्यांना सहन होत नसे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते शेजारच्याचा भूगोल दुरुस्त करून मगच जिलबीला हात लावत.

हे मला एका सकाळी धुणं वाळत घालताना आठवलं. बाबा बाल्कनीतच खुर्चीत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून मोठ्यानं म्हटलं, "लंडनचं बरं आहे. उन्हाळाभर कडकडीत ऊन, पावसाचा थेंब नाही."

मागे खुर्ची करकरली.

"आणि थंडीत सगळं गोठून दगड. समुद्राचा काही म्हणजे काही उपयोग नाही."

"च... चूक!"

हातातला ओला सदरा सुटून खाली पडला. रडायला येत होतं, पण ते मी पुढे ढकललं. "मग बरोबर काय?" बाबांचा चेहरा लाल झाला, ओठ वाकडेतिकडे झाले, आणि अखेर आलं, "ओलं." मी सोडलं नाही. "कधी?" "नेहमी!" ते ओरडले.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी चुका करू लागले. नीट चुकायलाही अभ्यास लागतो. त्यांचं जुनं पुस्तक पिशवीत घालून मी ऑफिसच्या बसमध्ये वाचायचे. रोमला ऐन उन्हाळ्यात मुसळधार पाडला, की "कोरडं!" शांघायचा उन्हाळा रोमसारखा कोरडा केला, तर खुर्चीच्या हातावर मूठ आपटून "पूर्व! पूर्व!" म्हणजे खंडाचा पूर्व किनारा, उन्हाळ्यात समुद्रावरून दमट वारं आत येतं, एवढंही कळत नाही का? शेजारच्या बंगाली काकूंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, घरात रोज भांडणं होतात का? मी म्हटलं, हो, आणि देव करो, होत राहोत.

पण एक भीती पोखरत होती. हेही पाठांतरच असलं तर? 'कोरडं', 'ओलं', 'पूर्व' हे शब्द त्यांनी वर्गात हजारदा उच्चारलेले. पाण्यासाठी अजून टकटकच चालू होती.

दिवाळीत भाऊ आला. येतानाच बाबांचंही परतीचं तिकीट काढून आला होता. सकाळी तो बाल्कनीत फोन हातात घेऊन बसला आणि आमचा धडा ऐकत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "अगं, हे घोकलेलं आहे गं. त्यांना कळत काही नाही." बाबांच्या देखत.

मी इतकी चिडले होते की पुस्तकातलं डोक्यात राहिना. खरं वाक्य आधी टाकायचं आणि मग चूक करायची, असं ठरवून म्हटलं, "केपटाउनचं रोमसारखंच. पाऊस डिसेंबरात."

"जुलै," बाबा म्हणाले.

मी गोंधळले. मी अजून चुकायला सुरुवातच केली नव्हती. "जुलैत कसा? हिवाळ्यात पडतो ना?"

"खाली," ते म्हणाले आणि डाव्या हाताचा पंजा उलटा केला. दक्षिण गोलार्ध! तिथला हिवाळा जुलैत. माझी खरीखुरी चूक झाली होती.

बाबा माझ्याकडे रोखून बघत होते, पेपर तपासताना बघत तसे. "मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

हा शब्द कुठल्याच धड्यातला नव्हता. "नाही बाबा," मी म्हटलं, "ही खरीच चूक."

"आधीच्या... मुद्दाम."

मी मान डोलावली. ते हसले, अर्ध्या तोंडानं. मग सावकाश भावाकडे वळले. एकेक शब्द जागेवरून उपटून काढावा तसे म्हणाले, "मला... कळत... होतं."

"काय, बाबा?" भावानं विचारलं.

त्यांनी डावा हात उचलला. आधी दोरीकडे दाखवलं, मग माझ्याकडे, आणि मग भावाच्या हातातल्या फोनकडे.

"सगळं."