तहसीलसमोरचे टेनिस-अध्यक्ष

पेनाचं टोपण दातात धरून ते समोरच्या माणसाकडे चष्म्यावरून बघत, मग टोपण काढून म्हणत, "हे रेकॉर्डवर घ्या लागते." समोर बहुधा वडनेर भोलजीकडचा एखादा शेतकरी असे. त्याला वारसाच्या नोंदीसाठी चार ओळींचा अर्ज हवा असे. तो बिचारा "घ्या ना मंग" म्हणे, आणि त्याची दुपारची एसटी हुकलीच म्हणून समजा.

तहसील कचेरीसमोर तुम्ही कधी उभे राहिला असाल तर अर्जनविसांची रांग पाहिली असेल. एक टेबल, एक बाकडं, वर टिनाचं छप्पर. आमच्याकडे त्या रांगेत शेवटच्या टेबलामागे हे गृहस्थ बसत. आता बसत नाहीत, लेकीकडे अकोल्याला गेले. त्यांच्या टेबलाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. बाकीचे अर्जनवीस हां हां म्हणता कागद काढून माणूस वाटेला लावत. यांना मात्र अर्जदाराच्या आज्याचं नाव हवं, धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, निंब कोणी लावला ते हवं, आणि ते सगळं खरं हवं. गिऱ्हाईक कंटाळून पलीकडच्या टेबलावर जाई. मग यांना वेळच वेळ.

त्या वेळेचं त्यांनी काय केलं? टेनिसची आंतरराष्ट्रीय संघटना काढली.

थांबा, आधी मला हसू द्या. ऑनलाइन अर्जांसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर त्यांना एक जागा सापडली होती. तिथे जगभरातले रिकामटेकडे लोक आपापला खोटा देश काढतात, त्याला झेंडा देतात, कायदे करतात आणि एकमेकांच्या देशांशी खोटे करार करतात, खोटे सामने खेळतात. यांनीही एक देश काढला. ज्ञानगंगा संयुक्त गणराज्य. राष्ट्रीय फळ सीताफळ, राष्ट्रीय प्राणी रोही, म्हणजे तुमची नीलगाय.

"रोही काऊन काका? उभं पीक खाते ते," मी विचारलं.

"सगळ्याईचं खाते आन् कोणाले भीत नाई. राष्ट्र असंच पाह्यजे बे."

फुटबॉलची, क्रिकेटची संघटना तिथे आधीच कोणीतरी काढलेली होती. टेनिसची नव्हती. मोकळी जागा दिसली की टपरी टाकायची ही आपल्याकडची रीत, तशी त्यांनी टाकली. रॅकेट त्यांनी उभ्या जन्मात हातात धरली नव्हती. त्यांच्या देशाची सर्वोत्तम खेळाडू कुमारी द्वारका, उंची पाच फूट दहा इंच, बॅकहँड उत्तम.

"बॅकहँड म्हणजे काय हो काका?"

"असते काईतरी. नियमात आहे."

नियम त्यांनीच लिहिले होते. चाळीस कलमांची घटना, सुरुवात "आम्ही, या कल्पित राष्ट्रांचे लोक" अशी. ती लिहिली त्या दिवशी सकाळी मला "जय भीम" करून जे बसले ते डबा उघडायचंही विसरले. इंग्रजी त्यांचं अर्जातलं. प्रत्येक कलम "मोस्ट रिस्पेक्टफुली" म्हणून सुरू होई. ब्राझीलचा एक माणूस, फिनलंडची एक बाई, फिलिपाईन्सचे कोणी, असे लोक ते वाचून म्हणे भारावले आणि पंधरा देश सभासद झाले. तिकडे सगळे त्यांना "मिस्टर प्रेसिडेंट" म्हणत. इकडे कचेरीचा शिपाई "ओ अर्जवाले, सरका" म्हणे, आणि मिस्टर प्रेसिडेंट बाकडं उचलून सरकत. मला ही गंमत फार आवडे. मी ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतही असे.

टेबलासमोरच्या पाटीवर अर्ज, प्रतिज्ञापत्र, फेरफार यांच्याखाली त्यांनी एक ओळ वाढवली: अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय टेनिस संघटना, कल्पित. रबरी शिक्का केला. ती पाटी वाचून एक दिवस एक बाप आला. त्याला मुलीसाठी खेळाडूचं प्रमाणपत्र हवं होतं, पोलीस भरतीत उपयोगी पडेल म्हणून.

"पोट्टी खेळते का?" यांनी विचारलं.

"नाई जी. पण तुमचा शिक्का आहे नं?"

"देश खोटा आहे भाऊ. शिक्का खोटा नाई."

मग त्या बापाला त्यांनी तासभर समजावून सांगितलं की ज्ञानगंगा संयुक्त गणराज्य नावाचा देश कुठेही नाही. तो माणूस हात जोडून निघून गेला. मी दुकानात टोनर बदलत होतो, हसू दाबताना काळी भुकटी शर्टावर सांडली.

आता साक्षीचा मामला. बाकीच्या खेळांचे निकाल तिथे कॉम्प्युटरच लावी. यांना ते पटेना. "मशीननं निकाल देल्ला त मशीनले जाब कोण विचारन?" म्हणून त्यांनी घटनेत कलम टाकलं: सरपंचपदाचं आरक्षण निघतं तशी प्रत्येक सामन्याची चिठ्ठी काढायची, आणि ती साक्षीदारासमोर. ज्याने आपल्या खेळाडूबद्दल चांगलं लिहिलं असेल त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. स्टीलच्या तांब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, हलवायच्या, एक काढायची, मग पंचनामा. "आज रोजी दुपारी साडेतीन वाजता मी खाली सही करणार साक्षीदार समक्ष हजर असता..." खाली माझी सही. तो कागद माझ्याच मशीनवर स्कॅन होऊन फिनलंडला जाई. तिकडच्या लोकांना आमच्या पंचनाम्याचं भारी कौतुक होतं.

साक्षीची सही माझ्या हाताला नवी नव्हती. आमच्या टिनाच्या शेडमध्ये कोणाच्याही प्रतिज्ञापत्रावर 'अर्जदारास मी ओळखतो' असं लिहायला माणूस लागतो. अर्जदार मी जन्मात पाहिलेला नसे, पण सही माझी तयार असे. सगळ्या रांगेत हेच चालतं. फक्त हे गृहस्थ मला कधी खऱ्या कामाला ओळखणारा म्हणून बोलवत नसत. म्हणत, "तू नाई ओळखत त्याले." मला त्यांचा राग यायचं तेही एक कारण होतं.

जून महिना आला. दाखल्यांसाठी दुकानात ही रांग, आणि यांचं तांब्या घेऊन "ये बे, चिठ्ठी आहे." एक दिवस मी वैतागलो. कोऱ्या पंचनाम्यांचा गठ्ठा ओढला, खाली धडाधड सह्या ठोकल्या आणि त्यांच्या पुढ्यात टाकला.

"बिनतारखेची सही? मले?" ते म्हणाले.

"काका, इथी लोकं खऱ्या वावराच्या कागदावर अशा सह्या करून राह्यले. तुमच्या खोट्या देशाच्या खोट्या टेनिसले काऊन एवढी लाज?"

त्यांनी तो गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि त्यानंतरही प्रत्येक सामन्याला मला बोलवतच राहिले. गठ्ठा तसाच पडून होता.

अंतिम सामना आला. कुमारी द्वारका विरुद्ध फिनलंडच्या बाईची खेळाडू. साडेतीनची वेळ सगळ्या सभासदांना कळवलेली. नेमका त्या दिवशी मी मशीनचा सुटा भाग आणायला खामगावला गेलो आणि तिथेच अडकलो. त्यांनी फोन केले, मी उचलले नाहीत. नाव बघून मुद्दाम उचलले नाहीत. चार वाजेपर्यंत थांबून त्यांनी एकट्याने चिठ्ठी काढली आणि ड्रॉवरमधला एक कागद वापरला. द्वारका जिंकली.

चार दिवसांनी फिनलंडच्या बाईंनी साधा प्रश्न विचारला. अध्यक्षांची स्वतःची खेळाडू जिंकली आहे, तेव्हा साक्षीदाराने एकदा सर्वांसमोर सांगावं की चिठ्ठी त्याच्यासमोर निघाली. आरोप नव्हता. त्यांच्याच घटनेतलं कलम होतं, त्यांनीच लिहिलेलं.

दुपारी त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळे जमले. पडद्यावर पंधरा चौकटी, कोणाच्या मागे खिडकी, कोणाच्या मांडीवर मांजर. मी आधीच सांगून ठेवलं होतं, "काका, मी हो म्हणून देतो. माह्या बापाचं काय जाते?" ते नुसते टेबलाकडे बघत होते. द्वारका हरली असती तरी त्यांचं काही बिघडलं नसतं. पण खोटी साक्ष निघाली तर ही एकच जागा जात होती, जिथे कोणी त्यांना सरका म्हणत नव्हतं. हे मला कळत होतं. म्हणून तर हो म्हणणार होतो.

बाईंनी विचारलं. मी शेडमधल्या सवयीने, छाती पुढे काढून सांगितलं, "येस येस मॅडम. आय वॉज प्रेझेंट."

"थँक यू," बाई हसून म्हणाल्या. मामला मिटला होता. मी उठायलाही लागलो होतो.

"नो मॅडम," हे म्हणाले. "मोस्ट रिस्पेक्टफुली. विटनेस वॉज नॉट प्रेझेंट. आय युज्ड ओल्ड सिग्नेचर."

मग ब्राझीलचा माणूस म्हणाला की काही हरकत नाही, पुन्हा चिठ्ठी काढू. बाईही म्हणाल्या, तुम्हीच राहा. सगळे खरोखर अजिजीने सांगत होते. हे दरवेळी मान हलवून "नो मॅडम, नो सर" एवढंच म्हणत राहिले, आणि शेवटी त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

मी चिडलो. लाज वाटली की मी चिडतो, माझा स्वभावच तसा. "माह्यं तोंड पाडलं तुम्ही चारचौघात," मी म्हणालो. "खोट्या गोष्टीसाठी कोणी एवढं करते का?"

"तुह्यासाठी खोटी होती," ते म्हणाले. रागाने नाही. अर्जदाराला त्याची चूक दाखवावी तसं.

राजीनामा त्यांनी लगेच लिहायला घेतला. दोन भाषांत, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नाही. अंतिम सामन्याचा निकाल रद्द, चूक सर्वस्वी अध्यक्षांची, साक्षीदाराचा दोष नाही, असं त्यात होतं. मग उठून माझ्या दुकानाशी आले आणि "स्कॅन कर बरं" म्हणून कागद दिला. मी तो काचेवर पालथा घालणार, तेवढ्यात खालची ओळ दिसली. 'साक्षीदार' लिहून त्यांनी पुढे नेहमीसारखी रेघ ओढली होती, आणि तिच्यावर लिहिलं होतं: उपलब्ध नाही.

मी हाताच्या अंतरावर उभा होतो. पेन माझ्या खिशाला होतं. "आणा काका, करतो" असं म्हणायला तोंड उघडलं, आणि ते चष्म्यातून माझ्याकडे बघत आहेत असं दिसलं. मी तोंड मिटलं, कागद पालथा घातला आणि बटण दाबलं.