पेटीतला वाघ

गोंदियाजवळच्या कुडवा गावात बिड्या वळणारा एक गृहस्थ होता. संध्याकाळी पानांचं सूप बाजूला सारून तो बाजाची जुनी पेटी काढी आणि पोरांना गोष्ट सांगे. ससा वरच्या सुरांवर टुणटुण पळे. वाघाची पट्टी मात्र बिघडलेली. ती दाबली, की पेटी अशी डरकाळी फोडे की पोरं एकमेकांच्या मांडीवर चढत.

मी पडलो शाळामास्तर. मला तो बेसूर सोसवेना. मी आपणहून पेटी गोंदियाला नेऊन दुरुस्त करून आणली. त्या संध्याकाळी वाघ आला तो कोकिळेसारखा गोड. पोरं लोळून लोळून हसली आणि उठून गेली.

"गुरुजी, माह्या वाघाले काऊन मारलं जी?" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या पट्टीखाली बिडीच्या पानाचा तुकडा खोचला. डरकाळी परतली, पण वाघ आधी खोकला.

"याले खोकला काऊन जी?" एका पोरीनं विचारलं.

"गुरुजीच्या संगतीनं बिड्या ओढून राहिला," तो न हसता म्हणाला.

सगळी पोरं माझ्याकडे वळली. मी कानावरची बिडी गुपचूप मुठीत लपवली.