साडी दोन बोटं खाली

“डॉक्टर, मी झोपून शिकवत नाही,” पद्मा म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची दुपार. तिला आडवं निजवून मी पोटावर उजवीकडे, अगदी खालच्या अंगाला मार्करने काळी फुली मारली होती आणि स्वतःवर खूश होतो. ती व्हीलचेअरवर बसली आणि फुली पोटाच्या घडीत गडप झाली.

पद्मा अड्यारच्या एका शाळेत गणित शिकवायची. चार वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात मणक्याला मार बसला. कमरेखालचं सगळं थांबलं, हात शाबूत राहिले. पाय चालत नाहीत हे लोकांना दिसतं. मूत्राशयाचं दुखणं दिसत नाही. मेंदूचा निरोप पोचत नाही, मग ती पिशवी आपल्याच मर्जीने आवळते. लघवी गळते, उरलेली उलटी किडनीकडे चढते. दर चार तासांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी घालून पिशवी रिकामी करावी लागते. पद्माला त्यासाठी खुर्चीतून उतरवून, आडवं करून, कपडे सोडावे लागायचे. हे सगळं तिची आई करायची. आईच्या गुडघ्यांनी आता राम म्हटला होता. शाळा पद्माला परत घ्यायला तयार होती, पण रोज सोबत जाणार कोण?

आमचा बेत असा: आतड्याचा तुकडा जोडून पिशवी मोठी करायची. अपेंडिक्सची वाट करून तिचं एक टोक पिशवीत, दुसरं पोटाच्या कातडीवर, फुलीच्या जागी आणायचं. मग बसल्या बसल्या तिथून कॅथेटर घालता येतो. हे सगळं रोबोने. रोबो म्हटलं की नातेवाइकांना वाटतं, डॉक्टर बाहेर कॉफी पिणार. प्रत्यक्षात मी कोपऱ्यातल्या कन्सोलवर बसून त्याचे हात हलवतो. त्याला स्वतःची अक्कल नसते. फुली मारताना मलाही नव्हती.

“दिसू नये म्हणून खाली ठेवली,” मी म्हणालो.

“मलाच दिसली नाही तर नळी घालू कुठे?”

बिनतोड. बसल्यावर तिला दिसणारी, हाताला लागणारी जागा एकच होती, बेंबी.

आता शेजारी बसलेली आई उठली. घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या मराठी. “अय्यो, डॉक्टर! आम्हांत बायका बेंबी झांकून नेसतात. शाळेंत साडी सोडत बसायची काय हिनं?”

“अम्मा, दोन बोटं खाली नेसेन. वर पदर आहेच.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. चार वर्षं तू मला उचलतेस. पुरे झालं आता.”

 आईने थैलीतून कॉटनची साडी काढली, काठ लेकीच्या कमरेशी धरला, वर-खाली करून पाहिला आणि मला म्हणाली, “आतां मारा फुली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कन्सोलवर बसलो, दुपारी तीनला उठलो. अपेंडिक्स बेंबीपर्यंत पोचेल का, ही धाकधूक होती. जेमतेम पोचलं.

जखम भरल्यावर, महिनाभराने, सिस्टरनी पद्माला नळी घालायला शिकवलं. त्यानंतरच्या तपासणीला ती साडी नेसून आली. मध्येच घड्याळ बघून तिने खुर्ची वॉशरूमकडे वळवली. आई सवयीने मागे निघाली, तोवर दार आतून लागलं. आई तिथेच उभी राहिली आणि पदराने डोळे पुसू लागली. मलाही भरून आलं, म्हणून उगाच रिपोर्ट चाळले.

पद्मा आता वर्गावर असते. आणि मी पेशंटला घरच्या कपड्यांत, खुर्चीत बसवल्याशिवाय मार्करचं टोपण उघडत नाही.