गळालेल्या सोळा पानांचा खेळ

या, अशा जवळ सरकून बसा. आणि बसल्याबसल्या माझं थोडं ऐकूनही घ्या, कारण मला तुमचा रागच आलाय. कुठलीही वस्तू नवी निघाली की जुनी उचलून रद्दीवाल्याच्या तराजूत टाकायची, ही सवय तुम्हा सगळ्यांना लावली कुणी? नवी चांगली असेल, मी नाही म्हणत नाही. पण जुनीला एकदा विचारून तरी बघावं. आमच्या भाऊजींनी विचारलं होतं. जुन्या वस्तूला जीव लावणारे पुष्कळ असतात. पण जी वस्तू धड पूर्णही नव्हती तिच्यासाठी सगळ्या जगाशी वाकडं घ्यायला तयार असलेला माणूस सबंध खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला.

जळगावात एका कचेरीत नकाशे काढायची त्यांची नोकरी. पेन्सिलीला टोक असं काढायचे की माशीनं वर बसताना विचार करावा. पाहुण्यांनी हात धुवायला मोरी कुठे म्हणून विचारलं, तर हे तोंडानं सांगायचे नाहीत. कागद घ्यायचे, ओसरी, मधलं घर, डावीकडे रांजण असं सगळं प्रमाणात काढून, वर उत्तर दिशेचा बाण दाखवून हातात द्यायचे. पाहुणा तोवर रुमालाला हात पुसून मोकळा झालेला असायचा. बोलणं असं नव्हतंच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायको तापानं गेली, आणि तेव्हापासून 'हो', 'नको' आणि 'वाढा' या तीन शब्दांवर त्यांचा संसार चालला होता. तेराव्याच्या पंगतीतच एका मामांनी नवं स्थळ काढलं होतं. भाऊजी पानावरून उठले आणि अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालत बसले. पुढे ज्यानं ज्यानं स्थळ आणलं, त्याच्या नावानं त्या कढीपत्त्याला पाणी मिळालं. झाड मात्र असं फोफावलं की सगळी गल्ली फोडणीला पानं न्यायची.

अशा माणसाला एका साहेबानं बोलतं केलं. जवळच्या एका गिरणीत यंत्र बसवायला परदेशातून एक इंजिनिअर आला होता आणि नकाशे समजावून द्यायला भाऊजींना त्याच्याबरोबर दिलं होतं. महिनाभर दोघं एकमेकांशी कागदावर रेघा ओढून बोलले. जाताना साहेबानं आठवण म्हणून एक बारकं इंग्रजी पुस्तक आणि विचित्र आकाराचे मूठभर फासे दिले. भाऊजी शब्दकोश घेऊन बसले. दीड महिना बसले. आणि एका रविवारी सकाळी मी भाकरी थापत असताना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, तुमच्यासमोर एक जुनी बारव आहे. पायऱ्यांवर शेवाळ आहे. खालून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येतोय. काय करता?"

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण खेळच तसा होता तो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी आपापला एक गडी मनानं उभा करायचा, त्याला नाव द्यायचं आणि त्या सांगण्यात शिरायचं. जे नक्की नाही ते फाशावर. पुस्तकात सगळे किल्ले आणि तळघरं. भाऊजींनी त्याची सातपुड्यातली भुयारं आणि बारवा केल्या. खेळाला नाव ठेवलं 'स्वारी'. वीस बाजूंचा फासा पहिल्याच उन्हाळ्यात उंदरानं नेला, तर वीस चिंचोक्यांवर आकडे लिहून तांब्यात टाकले. तांब्या हलवायचा, न बघता चिंचोका काढायचा.

गडी दोनच मिळाले, पण पक्के. एक रावेरचे आबा. केळीच्या व्यापारातला माणूस. बोलायला लागला की ट्रक भरून होईपर्यंत थांबायचा नाही. दुसरे भडगावचे मास्तर. शाळेत गणित शिकवायचे, पण चारचौघांत त्यांचा आवाज शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या वर यायचा नाही. दर रविवारी सकाळी दोघं एसटीनं यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचे. आमचे हे फिरतीवर. मी आणि भरीत-भाकरी मात्र कायम घरात.

आता ऐका, खरी गंमत इथेच आहे. वापरून पुस्तकाची शिवण सुटली म्हणून भाऊजींनी ते बाइंडरकडे दिलं. त्याच्या दुकानात मधली सोळा पानं कुठे गळाली, देव जाणे. पण माणूस कामाचा पक्का. पुस्तक रोड दिसू नये म्हणून त्यानं त्याच मापाची सोळा पानं दुसरीकडून घेऊन शिवून टाकली आणि वर लाल कापडाची बांधणी केली. ती पानं निघाली केळी लागवडीच्या पुस्तिकेची. म्हणजे भुताटकीच्या तळघरात शिरायचे नियम वाचता वाचता पान उलटलं की एकदम 'खोड निवडताना घ्यावयाची काळजी'. दुसरा कुणी असता तर भांडला असता. भाऊजी म्हणाले, "असू द्या. मधलं आपण ठरवू."

आणि ठरवलं की. त्या गळालेल्या सोळा पानांत सौदा कसा करायचा ते होतं आणि गडी मेला तर काय, तेही होतं; पण तोवर तशी वेळच आली नव्हती, म्हणून त्यातलं नेमकं कुणाला आठवेना. मग सौदा तोंडानंच करायचा असं ठरलं. एकदा घाटात राक्षस आडवा आला आणि म्हणाला, दोघांतला एक खायला द्या. आबा माझ्या चार भाकऱ्या होईपर्यंत त्याच्याशी बोलले. "अरे भो, आमच्यात हाये काय? ह्या मास्तरकडे पाह्य, नुसते हाडं. तुले दात टोकरायलेही पुरायचा नाही. त्यापरीस आम्ही पुढे जाऊन येतो, तुले धट्टंकट्टं गिऱ्हाईक दाखवतो." शेवटी राक्षस स्वतःचीच गुहा यांना राहायला देऊन बाहेर झोपला. मास्तर कोपऱ्यातून म्हणत होते, "माले बी बोलू द्या ना, आबा," पण ते राक्षसालाही ऐकू गेलं नाही आणि आबांनाही.

मरणाचं तर विचारूच नका. पहिल्यांदा आबांचा गडी कड्यावरून पडून मेला, तेव्हा तिघांनीही पुस्तक पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं. पुढे काय, ते पुस्तकात नाही. मग भाऊजींनीच नियम केला. गडी गेला की खेळाला सुतक. मधले दोन रविवार स्वारी नाही. तिसऱ्या रविवारी तेरावा धरून माझ्या हातचा शिरा, आणि मग मेलेल्याच्या वारसाला पागोटं बांधून बसवायचं. आबांनी त्या वेळी त्या गड्याच्या भाच्याच्या नावानं पागोटं बांधून घेतलं आणि सुतकातल्या माणसासारखा चेहरा करून तीन वाट्या शिरा खाल्ला. मी हसून हसून दमले. पण खरं सांगते, दुसऱ्या कुणाचा गडी संकटात सापडला की तिघंही श्वास धरून बसायचे. पुन्हा दोन रविवार रिकामे घालवणं कुणालाच नको असायचं. भाऊजींना तर नकोच. त्या दोन रविवारी ते पुन्हा तीन शब्दांवर यायचे.

दहा वर्षं असं चाललं. मग पुण्याला शिकत असलेला माझा मुलगा काकांवरच्या प्रेमानं त्याच खेळाची नवी आवृत्ती घेऊन आला. तीन जाड ग्रंथ, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, शिवाय नवे फासे. त्यात नाही असं काही नव्हतं. पोहायचं कसं, पडायचं किती, सौदा करायचा तर गड्याच्या नावापुढे आकडा असतो, फासा टाका, झालं. मास्तरांनी तो आकडा पाहिला आणि त्यांच्या तोंडावर जे ऊन पडलं ते मी भाकरी सोडून बघत राहिले. त्यांचंही चूक नव्हतं हो. दहा वर्षं माणूस शब्दाला महाग झाला होता. आता फासा त्यांच्या वतीनं बोलणार होता.

मग मास्तरांनी मरणाचं पान काढलं आणि वाचून दाखवलं: गडी मेला तर खेळणाऱ्यानं लगेच नवा करावा आणि पुढे चालावं. "म्हणजे," मास्तर म्हणाले, "आपण दहा वर्षं उगाच सुतक पाळलं?"

आबा हसले. भाऊजी हसले नाहीत. संध्याकाळी दोघं गेल्यावर मोरीशी हात धुताना एवढंच म्हणाले, "असं लगेच नसतं होत, वहिनी." मी हो म्हटलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

पण माणसं टिकावीत म्हणून त्यांनी नवं स्वीकारलं. दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही ग्रंथ पाठ केले, समासात शिसपेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिले. आणि स्वारी अगदी नियमानं चालायला लागली. इतक्या नियमानं, की भांडण म्हणून व्हायचं नाही. राक्षस आला, आबांनी घसा खाकरला, "अरे भो," एवढं म्हणाले, तोवर भाऊजी अदबीनं म्हणायचे, "आबा, फासा." फासा पडला दोनवर. आबांचा सौदा फसला. ज्या माणसानं अख्ख्या बाजाराला बोलण्यात गुंडाळलं, तो फाशाकडे असा बघत बसला की जणू मालच सडका निघाला. आणि नव्या नियमात कुणी मरेचना. मरायचं झालं तरी वाचायची चार कलमं निघायची. मी शिऱ्याचा रवा भाजायचीच विसरले.

सहा महिन्यांत आबांच्या केळीचा हंगाम सुरू झाला. तो संपला तरी ते आले नाहीत. मास्तरांनी भडगावातच कॉलेजची पोरं जमवली. भाऊजींनी तिन्ही ग्रंथ मास्तरांना देऊन टाकले आणि बसपर्यंत पोचवूनही आले. दर रविवारी सतरंजी मात्र अंथरायचे. लाल पुस्तक समोर ठेवून तासभर बसायचे आणि मग सतरंजी घडी करून ठेवायचे. जेवताना पुन्हा तेच: हो, नको, वाढा. कढीपत्ता परत तरारला.

एका रविवारी मी पीठ तसंच टाकून, हात पुसून सतरंजीवर जाऊन बसले. "काढा तो तांब्या."

"खेळायला गडी लागतो, वहिनी."

"मग मी कोण आहे? दहा वर्षं भिंतीआडून ऐकतेय. माझ्या गड्याचं नाव हिराबाई. कुठे आहे तुमची ती बारव?"

त्यांनी तांब्या पुढ्यात ओढला आणि बारव उभी केली. पायऱ्या, शेवाळ, श्वासाचा आवाज, सगळं. "काय करता?" म्हणाले. मी म्हटलं, "काय करते म्हणजे? उतरते." उतरले. तांब्यातून चिंचोका काढला तो नेमका एक. अजगरानं हिराबाईला तिसऱ्या पायरीवरूनच ओढून नेलं. मी चौथी शिकलेली बाई, खेळातलं मला काय कळतं, पण वाटलं हो वाईट. म्हटलं, "पुढे?" तर भाऊजी सतरंजी गुंडाळत म्हणाले, "आता सुतक." एकुलता एक गडी मेला, तरी नियम तो नियम.

मग मी एक काम केलं. बरं की वाईट, तुम्हीच ठरवा. दोन कार्डं लिहिली, दुखवट्याच्या रीतीप्रमाणे कोपरे फाडले: 'आमच्याकडील हिराबाई देवाघरी गेली. रविवारी तेरावा. यावे.' एक रावेरला टाकलं, एक भडगावला. आमच्या भागात लग्नाचं आमंत्रण चुकेल, तेरावा कुणी चुकवत नाही.

रविवारी सकाळी आबा आले. पांढरे कपडे, डोक्याला पंचा. दुखवट्याला आलेला माणूस हाक मारत नाही तसे मुकाट्यानं आत येऊन बसले. भाऊजी समोर, त्यांना कार्डाचं काहीच माहीत नाही. दोघंही माना खाली घालून. मी पाणी दिलं. बऱ्याच वेळानं आबांनी हळूच विचारलं, "कोन होती वो, वहिनी, हिराबाई?"

"माझा गडी," मी म्हटलं.

आबांनी पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता चिडतात आणि उठतात. साठी उलटलेला माणूस, दोन गाड्या बदलून आलेला.

"कशी गेली?"

"बारवेत उतरली. अजगरानं ओढली."

"एकटी उतरली?"

"सोबतीला होतं कोण, आबा?"

आबांनी पेला बाजूला सरकवला.  मग भाऊजींकडे वळून एकदम कडक आवाजात म्हणाले, "भाऊ, बाईमानूस एकटी बारवेत उतरते, आणि तुम्ही तिले अडवत नाही?"

"मी विचारलं होतं, काय करता," भाऊजी म्हणाले. "त्या म्हणाल्या, उतरते."

"आधी गोटा टाकून पाह्यला लागतो ना. अजगर हाये का नाही ते तरी समजते."

"गोटा टाकला असता तर तो जागा झाला असता."

"जागा होता म्हनूनच तर ओढलं त्यानं. झोपेलं अजगर ओढते का?"

"ते मी सांगणार, आबा. बारव माझी आहे."

"बारव तुमची अशीन. मानूस आमचं गेलं."

तांब्या कधी आला, सतरंजी कधी अंथरली, मला कळलं नाही. मी शिरा ढवळत होते. बाहेर आले तर आबांनी डोक्याचा पंचा सोडला होता. "हिराबाईचं मागं कोन हाये?" म्हणाले. मी म्हटलं, भाची आहे. त्यांनी तो पंचा माझ्या डोक्याला गुंडाळला, चांगले तीन वेढे घेऊन. भाऊजी बोलत होते. जेवणं होईपर्यंत बोलत होते.

मास्तर नाही आले. त्यांचं पत्र आलं, की हिराबाईंच्या आत्म्याला शांती लाभो. रविवारी त्यांच्याकडे पोरं असतात, असंही लिहिलं होतं. चांगलं आहे, पोरं त्यांचं ऐकतात म्हणे.

आता आबांचे गुडघे दुखतात. रावेरहून दर खेपेला जमत नाही त्यांना. भाऊजी निवृत्त झाले, चिंचोक्यांवरचे आकडे भिंगातून वाचतात आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे देतात, चुकलं तर नाही ना म्हणून. परवा सतरंजीवर चार पाट मांडले होते. मी विचारलं, "चौथा कोणासाठी?" म्हणाले, "असू द्या. आलं कुणी तर."

म्हणून मघाशी रागावले हो तुमच्यावर. काही वाचून यावं लागत नाही, इंग्रजी यावं लागत नाही, भरीत माझ्याकडे लागलं. रविवारी सकाळची कुठलीही गाडी धरा आणि या. लवकर या.