नाळेचा डबा आणि आमच्या मॅडम

पुण्यात नाळेतल्या पेशींवर जे संशोधन झालं, त्यातलं निम्मं माझ्यामुळं झालं. म्हणजे मी रिक्षातून डबा पोचवायचो. डब्यातलं आणि डोक्यातलं सगळं मॅडमचं. आणि आमच्या मॅडमसारखी बाई कोथरूडपासून धायरीपर्यंत दुसरी शोधून दाखवा, मी उद्यापासून मीटरनं रिक्षा चालवतो.

काम असं. सिझर झालं की घरच्यांनी सही करून नाळ द्यायची, मी ती बर्फाच्या डब्यातून वेळेत लॅबमध्ये न्यायची. मॅडम तिच्यातून कसल्याशा पेशी काढायच्या आणि उंदरांच्या अशक्त पिल्लांना द्यायच्या. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांची फुफ्फुसं कच्ची, त्यात श्वासाच्या मशीननं आणखी दुखावतात. ती यानं सुधारतील का, हे बघायचं होतं. मला एवढं कळायला तीन वर्षं लागली. चौथी दोनदा नापास माणूस, तोवर मी पॅसेंजरना सांगायचो, "मॅडम उंदरांच्या डॉक्टर आहेत."

ज्याला त्याला फुफ्फुस समजावून सांगायची त्यांना भारी खोड. मंडईत द्राक्षांचा घड उचलला की सुरू, "हे बघा, आपलं फुफ्फुस असं असतं. लवकर आलेल्या बाळाचे मणीच कमी भरतात." एकदा द्राक्षवाला वैतागून म्हणाला, "बाई, फुफ्फुस किलोभर देऊ की अर्धा?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अर्धा."

कधी स्वतः बरोबर आल्या तर डबा मांडीवर. "अहो, खड्डा! आत सगळे जिवंत आहेत." मग मी वरातीच्या घोड्यासारखी रिक्षा चालवायची, मागं आयटीवाल्यांच्या गाड्या हॉर्न मारून जीव काढायच्या, आणि मॅडम डोकं बाहेर काढून ओरडायच्या, "ज्यांनी जन्माची घाई केली ते काचेच्या पेटीत पडलेत! तुम्ही थांबा!" कुणाला काही कळायचं नाही, पण हॉर्न बंद व्हायचे.

एका आजीबाईंनी तर आम्हाला दवाखान्याच्या दारातच अडवलं. "नाळ पुरतात, रिक्षात फिरवत नाहीत." मी वाद घालायला बाह्या सरसावल्या. मॅडम म्हणाल्या, "पुरा की. मला बोटभर द्या, बाकीची पुरा." सिस्टरनं कापली, आजीनं बोट लावून मोजली, आणि जाताना डब्याच्या झाकणाला हळदकुंकू लावलं. ते मॅडमनी कुणाला पुसू दिलं नाही.

मग माझी मुलगी सातव्याच महिन्यात बाळंत झाली. ती हिंजवडीला आयटीत होती, म्हणजे आयटीच्या कँटीनमध्ये. नात जेमतेम किलोभर. दोन महिने झाले, मशीन सुटलं, पण ऑक्सिजनची नळी काही निघेना. काढली की पोरगी निळी पडायची. मी मॅडमना म्हटलं, "तुमच्या पेशी द्या ना चमचाभर."

"नाही. माणसाच्या बाळाला त्यानं काय होईल, मला अजून माहीत नाही."

"उंदराला चालतं, माझ्या नातीला नाही?"

त्या पिल्लांच्या पिंजऱ्याकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेतला आणि लॅबऐवजी सरळ नातीच्या दवाखान्यात गेलो. सिस्टरपुढं ठेवून म्हटलं, "औषध आणलंय, घाला." तिनं लेबल वाचलं. "काका, ही नुसती नाळ आहे. चहाला दूध हवं म्हणून म्हैस घेऊन आलात होय?" तिनं डब्यावरच्या नंबरला फोन लावला. मॅडम येईपर्यंत वेळ टळून गेली होती, नाळ वाया. आता आपलं काम गेलं, असं धरून मी बाकड्यावर बसलो. मॅडम शेजारी टेकल्या. "पिल्लं वाट बघत होती हो," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी लॅबमधून निघाल्या की त्या नातीच्या वॉर्डच्या काचेशी येऊन उभ्या राहायच्या.

डॉक्टर-सिस्टरांनी कष्ट घेतले, मुलीनं लेकराला दिवसदिवस छातीशी धरलं, आणि पाचव्या महिन्यात नळी निघाली. नात घरी आली त्या रविवारी मॅडम धायरीला आल्या. नात त्यांच्या चष्म्याला लोंबकळत होती आणि घरात पाहुणे होते, म्हणजे माझं तोंड सुटणारच. मी म्हटलं, "बघा मॅडम, तुमच्या पेशींशिवाय बरी झाली पोरगी. मग एवढी वर्षं उंदरांत कशाला घालवली म्हणायची?"

पाहुणे हसले. मॅडमनी हळूच चष्मा सोडवून घेतला आणि नातीच्या पाठीवर हात ठेवला.

"हिच्या शेजारी एक मुलगा होता. निळ्या टोपीचा."

होता. त्याचे आजोबा माझ्याच बाकड्यावर बसायचे, तंबाखू मळून द्यायचे. एक दिवस दिसले नाहीत. मी आपला समजलो, डिस्चार्ज मिळाला असेल, सांगून तरी जायचं.

"तो घरी गेला नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला तुमचंच बाळ दिसत होतं."